अक्षरांचे अलंकार

बहुतेक शाळांच्या भिंतींवर एक वाक्य रंगवलेले असते : 'सुंदर अक्षर हाच खरा दागिना.' माझी उभी हयात शाळेत गेली आणि हे वाक्य रोज माझ्या दृष्टीखालून गेले. मुले ते मोठ्याने वाचतात, शिक्षक ते फळ्यावर लिहितात, आणि वह्या तपासावयास घेतल्या की पुन्हा तीच वेडीवाकडी अक्षरे समोर येतात! यात मुलांचा फारसा दोष आहे असे मला वाटत नाही. आपल्या लिहिण्यात एखादे अक्षर चुकले तर ते खोडता येते; पान बिघडले तर दुसरे उलटता येते. चुकण्याचे भयच नसेल, तर हाताला सांभाळून चालण्याची सवय लागावी तरी कशी?

परंतु मुलांनो, क्षणभर अशी कल्पना करा. तुम्हांला तीन लाखांहून अधिक अक्षरे हाताने लिहावयाची आहेत. त्यांतील एकही गळता कामा नये, एकही अधिक पडता कामा नये, इतकेच नव्हे तर एका अक्षराचा दुसऱ्या अक्षराला स्पर्शदेखील होता कामा नये. या कामास वर्ष लागेल, कदाचित त्याहूनही अधिक. आणि एवढे सारे झाल्यावर शेवटी त्यावर आपले नाव मात्र घालावयाचे नाही! असे काम कोणी पत्करील काय?

असे काम पत्करणारे लोक जगात आहेत. ते शतकानुशतके हे काम करीत आले आहेत आणि आजही करीत आहेत. त्यांना हिब्रू भाषेत 'सोफर' म्हणतात. सोफर म्हणजे यहुदी धर्मग्रंथांच्या प्रती हाताने लिहिणारा लेखनिक. त्याच्या हातून उतरणाऱ्या पवित्र ग्रंथाचे नाव 'तोरा'. आपल्या मराठीत तोरा म्हणजे दिमाख. पण हिब्रूतील या शब्दाचा अर्थ 'शिकवण' असा आहे. मोशे या प्रेषिताच्या नावाने ओळखले जाणारे पाच ग्रंथ मिळून तोरा होतो. छापील पुस्तके आज जगभर आहेत, तोराही छापलेला मिळतो. परंतु यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, त्याचे विधिपूर्वक वाचन होते ते हस्तलिखित चर्मपत्राच्या लांबलचक गुंडाळीवरूनच.

हे लोक आपल्याला परके नाहीत. कोकणच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळापासून यहुद्यांचा एक समाज नांदत आला आहे. त्याला 'बेने इस्रायल' म्हणतात. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि वाचलेली थोडी माणसे येथेच स्थायिक झाली, असे त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी धर्माज्ञेप्रमाणे काम बंद ठेवीत; म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. त्यांची भाषा मराठी झाली, आणि गावांच्या नावांवरून त्यांना दिवेकर, किहीमकर, पेणकर अशी आडनावे पडली. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधविले. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ 'दयेचे द्वार' असा आहे.

१९८७ साली मी रायगड जिल्ह्यातील एका शाळेत होतो. तेथील गणिताचे शिक्षक बेने इस्रायल होते. एका सणाच्या दिवशी ते मला आपल्याबरोबर प्रार्थनामंदिरात घेऊन गेले. पश्चिमेकडील भिंतीत एक उंच कपाट होते आणि त्यावर पडदा सोडलेला होता. जेरुसलेम आपल्याकडून पश्चिमेस. म्हणून कपाटही त्या दिशेला. पडदा बाजूस सारला, कपाटाची दारे उघडली आणि सारी मंडळी उठून उभी राहिली. एखाद्या घरी वडीलधारे माणूस आले असता जसे सगळे उठतात, तसे. आत तोराच्या गुंडाळ्या उभ्या होत्या.

काय त्यांचा थाट होता! गुंडाळीला मखमलीचे वस्त्र नेसवलेले, त्यावर जरीचे काम. गुंडाळीचे दोन लाकडी दांडे वर निघालेले, आणि त्यांच्या टोकांवर चांदीची नक्षीदार फुले बसवलेली. या फुलांना 'रिम्मोनीम', म्हणजे 'डाळिंबे', असे म्हणतात. त्यांना बारीक घुंगरे असतात. गुंडाळी उचलली की ती किणकिणतात. कोठे कोठे गुंडाळीला चांदीचा मुकुट घालतात, कोठे तिच्या समोर साखळीने चांदीचे पदक अडकवितात. बगदादकडील यहुदी तिला लाकडाच्या उभ्या गोल पेटीत ठेवतात आणि त्या पेटीवर चांदीचा पत्रा मढवितात. सोनार, सुतार, विणकर, भरतकाम करणाऱ्या स्त्रिया, सर्वांनी आपापली कला येथे ओतलेली असते.

गुंडाळी मेजावर ठेवून उलगडण्यात आली, तेव्हा मी उत्सुकतेने पुढे वाकलो. बाहेर इतका साज, तर आत केवढी चित्रे असतील, केवढी वेलबुट्टी असेल, असे मनात आले होते. पाहतो तो आत रंगाचा एक ठिपकाही नाही! पिवळसर चर्मपत्रावर काळ्याभोर अक्षरांचे उभे स्तंभ, एकामागून एक, अगदी सरळ. वाचणाऱ्याच्या हातात चांदीची एक बारीक दांडी होती. तिच्या टोकाला इवलासा हात होता आणि त्या हाताची तर्जनी पुढे केलेली होती. अक्षरांना बोटाचा स्पर्श होऊ नये म्हणून त्या चांदीच्या बोटाने ओळ दाखवीत वाचन चालले होते.

बाहेर आल्यावर मी माझ्या स्नेह्यांना विचारले, "मास्तर, आत एकही चित्र नाही? साधी वेलसुद्धा नाही?"

ते हसून म्हणाले, "अहो, बाहेरून आम्ही हवी तेवढी हौस करतो, पण आत अक्षरांच्या पंगतीत पाहुण्याला पान मांडत नाहीत."

त्यांचे ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. मग या अक्षरांविषयी मी वाचू लागलो, आणि जसजसे वाचीत गेलो तसतसे मला उमगले की जेथे अलंकार नाही असे मला वाटले होते, तेथे अक्षरच अलंकार झाले होते.

ही गुंडाळी कशी तयार होते ते ऐका. प्रथम चर्मपत्र. धर्माने शुद्ध मानलेल्या गाय, मेंढी, शेळी अशा पशूंचेच कातडे त्याला चालते. ते चुन्याच्या पाण्यात भिजवितात, त्यावरील केस काढतात, लाकडी चौकटीवर ताणून वाळवितात आणि खरवडून गुळगुळीत करतात. मग शाई. ती मायफळ, हिराकस आणि डिंक यांची करतात. यांपैकी मायफळ तुमच्या घरी बाळगुटीच्या डबीत सापडेल. ते वस्तुतः फळ नव्हे. ओक वृक्षाच्या फांदीवर एक कीटक अंडी घालतो, त्या जागी झाडाला जी गाठ येते तेच मायफळ. मायफळाचा अर्क आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग उपजतो, आणि डिंकामुळे तो चर्मपत्राला धरून राहतो. लेखणी म्हणून युरोपातील सोफर हंसाचे किंवा टर्कीचे पीस तासून घेतात. पूर्वेकडील देशांत बोरू वापरतात. हो, आपले आजोबा कित्ता गिरवीत तोच बोरू.

लिहिण्यापूर्वी चर्मपत्रावर रेघा आखावयाच्या. पण शाईने नव्हे. बोथट अणकुचीने दाबून, दिसतील न दिसतील अशा. आणि गंमत अशी की, अक्षरे या रेघेवर बसत नाहीत. ती रेघेला खालून लोंबतात, आपली देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लोंबतात ना, तशी. फरक एवढाच की, आपली अक्षरे शिरोरेषेने एकमेकांचे हात धरून चालतात, तर तेथील प्रत्येक अक्षराने स्वतंत्र उभे राहावे लागते. दोन अक्षरांमध्ये कोऱ्या चर्मपत्राची बारीकशी फट दिसलीच पाहिजे.

हिब्रूत अक्षरे बावीस. लेखन उजवीकडून डावीकडे. त्यांपैकी सात अक्षरांच्या डोक्यावर सोफर तीन बारीक रेषांचा चिमुकला मुकुट काढतो. ओळीची दोन्ही टोके सारखी यावीत म्हणून ओळीतील एखादे अक्षर तो हलकेच लांबवितो. समुद्र ओलांडल्यानंतर गाइलेले जे स्तोत्र तोरामध्ये आहे, ते तो विटांच्या भिंतीसारखे, मध्ये मोकळ्या जागा सोडून मांडतो. हेच काय ते त्याचे नक्षीकाम.

आता त्याचे नियम पाहा. सोफरला सारा ग्रंथ पाठ असला तरी आठवणीवरून एक शब्दही लिहिता येत नाही. समोर तपासलेली प्रत ठेवावयाची, प्रत्येक शब्द तोंडाने उच्चारावयाचा आणि मगच लिहावयाचा. ईश्वराचे नाव आले की थांबावयाचे आणि 'मी हे नाव पवित्र भावनेने लिहीत आहे' असा संकल्प करावयाचा. ते नाव लिहीत असता साक्षात राजाने येऊन विचारपूस केली तरी उत्तर द्यावयाचे नाही, असा जुना दंडक आहे. साधे अक्षर चुकले तर शाई वाळल्यावर ती चाकूने खरवडून तेथे पुन्हा लिहिता येते. परंतु ईश्वराचे नाव खरवडता येत नाही. ते चुकले, तर चर्मपत्राचा तो अख्खा तुकडा बाजूस काढावा लागतो. तो फेकून देत नाहीत. माणसाला द्यावी तशी त्याला आदराने मूठमाती देतात. असे तुकडे स्नायूंच्या दोऱ्याने एकमेकांना शिवून ३,०४,८०५ अक्षरांची गुंडाळी पूर्ण होते. सामान्यतः तिच्यात २४५ स्तंभ असतात आणि प्रत्येक स्तंभात ४२ ओळी. एक अक्षर जरी तुटले किंवा पुसले, तरी ते दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनास चालत नाही.

तीन लाखांत एक अक्षर! आपण म्हणू, एवढ्यात एका अक्षराचे ते काय? परंतु सोफर तसे म्हणत नाही. त्याच्या लेखी लहान अक्षर असे नसतेच.

येथे तुम्ही विचाराल, 'मग या लोकांच्या चित्रकारांनी काय केले? त्यांचे हात स्वस्थ कसे राहिले?' ते स्वस्थ राहिले नाहीत. तोराच्या आत त्यांना प्रवेश नव्हता. पण यहुद्यांच्या दुसऱ्या एका गुंडाळीचे दार त्यांच्यासाठी उघडे होते. ती गुंडाळी म्हणजे एस्तेर राणीची कथा. तिला 'मगिल्ला' म्हणतात.

ही कथा इराणातील शूशन नगरीत घडते. तेथील राजा अहश्वेरोश १२७ प्रांतांचा स्वामी होता. या राज्याचा विस्तार सांगताना कथेच्या पहिल्याच वाक्यात 'होदू' हा शब्द आला आहे. होदू म्हणजे आपला हिंदुस्थान! राजाची राणी एस्तेर ही एक अनाथ यहुदी मुलगी होती. तिचा नातलग मर्दखय याने तिला लहानाची मोठी केले होते. राजाचा प्रधान हामान मोठा गर्विष्ठ होता. मर्दखय त्याच्यापुढे वाकेना, म्हणून त्याने राज्यातील सर्व यहुद्यांचा एकाच दिवशी संहार करण्याचा बेत रचला आणि दिवस ठरविण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. राजाने बोलावल्याशिवाय त्याच्यासमोर जाणाऱ्याला मृत्यूची शिक्षा होती. राजाने सुवर्णदंड पुढे केला तरच तो वाचे. तरीही एस्तेर आपल्या लोकांसाठी प्राणावर उदार होऊन गेली. राजाने सुवर्णदंड पुढे केला. हामानाचे कारस्थान उघडकीस आले, आणि मर्दखयासाठी त्याने जो पन्नास हात उंच खांब उभारला होता त्यावर त्यालाच चढावे लागले. दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो, तो असा.

या सुटकेचा सण म्हणजे 'पुरीम'. तो पुष्कळदा आपल्या शिमग्याच्या सुमारास येतो. म्हणून कोकणातील बेने इस्रायल त्याला 'होळीचा सण' म्हणत. त्या दिवशी प्रार्थनामंदिरात मगिल्ला वाचतात. हामानाचे नाव आले रे आले की मुले खुळखुळे वाजवून आणि पाय आपटून असा गलका करतात की ते नाव ऐकूच येऊ नये. वर्गात गोंगाट केल्याबद्दल ज्यांना नेहमी बोलणी बसतात, त्या मुलांना हा सण फार आवडेल!

एस्तेरच्या पटावर चित्रकाराला मोकळीक का मिळाली? अभ्यासक याची दोन कारणे सांगतात. एक असे की, या कथेच्या हिब्रू संहितेत ईश्वराचे नाव कोठेही आलेले नाही. त्यामुळे तोराइतके कडक बंधन तिला लागू झाले नाही. दुसरे असे की, तोराची गुंडाळी सर्व समाजाची असते. पण एस्तेरचा लहानसा पट घरोघर ठेवता येतो. वाचन चालू असता प्रत्येकाने तो आपापल्या हातात धरावा, मुलांनी त्यातील चित्रे पाहावीत, अशी हौस कोणाला नसेल? सोळाव्या शतकात इटलीत ही कला फुलली आणि पुढील दोन शतकांत तिला मोठा बहर आला. १५६४ साली व्हेनिस येथे लिहिलेला एक सुशोभित पट आज झुरिक येथील एका संग्रहात आहे. तो लिहिणाऱ्या हाताचे नाव एस्तेलिना, मेनाहेमची कन्या. एका शूर स्त्रीची कथा एका स्त्रीने आपल्या सुंदर अक्षरांत लिहून ठेवली, आणि ती अक्षरे साडेचारशे वर्षांहून अधिक काळ टिकली.

पुढे सतराव्या शतकात शालोम इटालिया नावाचा एक कलावंत होऊन गेला. त्याचा जन्म इटलीतील मांतुआ येथला; नंतर तो हॉलंडमधील अ‍ॅमस्टरडॅम शहरी जाऊन राहिला. तो ताम्रपटावर चित्रे कोरण्यात निष्णात होता. एस्तेरच्या पटासाठी त्याने तांब्याच्या पत्र्यावर उलटी चित्रे कोरली आणि त्यांचे ठसे चर्मपत्रावर उमटविले. त्या ठशांत अक्षरांसाठी मोकळी जागा ठेवलेली असे; तेथे लेखनिक कथा हाताने लिही.

मुलीकडे न्यूयॉर्कला गेलो असता तेथील एका संग्रहालयात या प्रकारचा पट मी काचेआड पाहिला. एखाद्या राजवाड्याच्या कमानींची रांग उभी असावी तसा तो दिसत होता. प्रत्येक कमानीच्या आत कथेचा एक स्तंभ; दोन कमानींच्या मध्ये कथेतील पात्रे उभी; आणि खाली जोत्याच्या जागी बारीक बारीक प्रसंग कोरलेले. वाचणारा जसा पट उलगडीत जाई, तसा तो जणू शूशनच्या राजवाड्यातून एकेक दार ओलांडीत पुढे जाई. मी पुष्कळ वेळ तेथे उभा होतो. चित्रे अप्रतिम होती. पण एक गोष्ट मला विशेष जाणवली. कितीही नक्षी असली तरी एकाही वेलीने अक्षरावर पाऊल ठेवले नव्हते. कमान अक्षरांसाठी होती, अक्षरे कमानीसाठी नव्हती.

अशा पटांत लेखनिकही आपले कसब दाखवीत. काही पटांत जवळजवळ प्रत्येक स्तंभ 'हमेलेख', म्हणजे 'राजा', या एकाच शब्दाने सुरू होतो. त्यासाठी ओळींची आणि शब्दांची मांडणी आधीपासून किती बारकाईने करावी लागत असेल, याचा तुम्हीच विचार करा! हामानाच्या दहा मुलांची नावे उजवीकडे एकाखाली एक लिहितात आणि मध्ये मोकळी जागा सोडतात. वाचणारा ती दहाही नावे एका श्वासात वाचतो. कित्येक पट चांदीच्या किंवा हस्तिदंती नळीत ठेवलेले असतात. आणि वाचताना हा पट पत्राप्रमाणे घड्या घालून धरतात, कारण सुटकेची ही वार्ता गावोगाव पत्रांनी कळविली गेली, असे कथेतच सांगितले आहे.

मुलांनो, हामानाची गोष्ट सुखाने संपली. पण इतिहासातील सर्वच गोष्टी तशा संपत नाहीत. विसाव्या शतकात जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि युरोपातील सुमारे ६० लाख यहुदी मारले गेले. आज ज्याला चेक प्रजासत्ताक म्हणतात त्या देशातील गावेच्या गावे यहुद्यांवाचून ओस पडली. त्यांच्या प्रार्थनामंदिरांतील गुंडाळ्या, मखमली वस्त्रे, चांदीचे मुकुट हे सारे १९४२ पासून प्राग शहरात आणून साठविण्यात आले. प्रागच्या यहुदी संग्रहालयातील ज्या लोकांनी या वस्तूंची एक एक करून काळजीपूर्वक नोंद केली, त्यांतील बहुतेकांना पुढे छावण्यांत पाठवून ठार करण्यात आले. आपल्यावर काय प्रसंग येणार हे त्यांना दिसत असावे. तरीही त्यांनी नोंदी अर्धवट टाकल्या नाहीत.

युद्ध संपल्यावर त्या गुंडाळ्या प्रागजवळच्या एका ओसाड प्रार्थनामंदिरात कितीतरी वर्षे ओलीत पडून होत्या. १९६४ साली त्यांतील १,५६४ गुंडाळ्या लंडनला आणण्यात आल्या. कोणाची शाई उडालेली, कोणाची शिवण उसवलेली, कोणी जळालेली. एक सोफर त्यांच्या दुरुस्तीस बसला आणि पंचवीसहून अधिक वर्षे तेच काम करीत राहिला. पुसट झालेले अक्षर पुन्हा काळे करावयाचे, उसवलेला टाका पुन्हा घालावयाचा! ज्या हातांनी ती अक्षरे प्रथम लिहिली, ते हात केव्हाच काळाच्या आड गेले होते. ज्या गावांनी ती वाचली, त्या गावांत वाचणारा उरला नव्हता. पण दुरुस्त झालेल्या गुंडाळ्या जगातील अनेक प्रार्थनामंदिरांना सांभाळण्यासाठी देण्यात आल्या, आणि दूरदेशीची मुले त्यांवरून पुन्हा वाचू लागली. ज्या गुंडाळ्या दुरुस्तीपलीकडे गेल्या होत्या, त्याही आठवण म्हणून जपून ठेवल्या आहेत.

आपण 'अक्षर' हा शब्द रोज वापरतो. त्याची फोड केली तर 'जे क्षरत नाही ते', म्हणजे जे झिजत नाही, नाश पावत नाही ते, असा अर्थ निघतो. मराठीचा शिक्षक म्हणून हा अर्थ मी अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. परंतु चर्मपत्र जळते, शाई उडते, हेही तितकेच खरे आहे. अक्षर आपोआप अक्षर राहत नाही. कोणीतरी जन्मभर वाकून ते पुन्हा पुन्हा लिहितो, कोणीतरी ते छातीशी धरून आगीतून आणि पुरातून बाहेर काढतो, तेव्हाच ते टिकते.

आपल्या भूमीत यहुद्यांना धर्मासाठी छळ सोसावा लागला नाही, हे बेने इस्रायल मंडळी आवर्जून सांगतात, आणि ते ऐकताना आपलीही मान ताठ होते. १९४८ साली इस्रायल हे राष्ट्र स्थापन झाल्यानंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक तिकडे गेले. जाताना मराठी मात्र त्यांनी सोडली नाही. तेथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. आपल्याकडे आता थोडी कुटुंबे उरली आहेत. कोकणातील आणि मुंबईतील प्रार्थनामंदिरांतील कपाटांचे पडदे ती आजही सणावाराला बाजूस सारतात. तुमच्या गावाजवळ असे मंदिर असेल आणि तेथील मंडळींनी तुम्हांला आत येऊ दिले, तर डोके झाकून, शांतपणे उभे राहा. आत कोणाची तरी ३,०४,८०५ अक्षरांची तपश्चर्या आहे, याची आठवण ठेवा.

शेवटी या ग्रंथाच्या शेवटाविषयीच एक गोष्ट सांगतो. नवी गुंडाळी पुरी होत आली की सोफर शेवटची काही अक्षरे एकटा लिहीत नाही. तो त्यांच्या बाह्यरेषा तेवढ्या काढून ठेवतो आणि समाजातील लहानथोरांना बोलावून त्या भरण्याचा मान देतो. मग गात-नाचत त्या गुंडाळीची मिरवणूक निघते. वर्षभर थोडे थोडे वाचून ग्रंथ संपतो, त्याच दिवशी तो पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू करतात. ग्रंथाचे शेवटचे अक्षर 'लामेद', म्हणजे आपला 'ल', आणि पहिले अक्षर 'बेत', म्हणजे 'ब'. शेवटच्या अक्षरापुढे पहिले अक्षर ठेवले की हिब्रूत एक छोटासा शब्द तयार होतो. त्याचा उच्चार 'लेव्ह' आणि त्याचा अर्थ 'हृदय'.

हात थकतो, डोळे शिणतात, तरी ज्याचे हृदय कामात असते त्याचे अक्षर बिघडत नाही. भिंतीवरच्या त्या वाक्यात दागिना म्हटले आहे ते अशाच अक्षराला.